बेसबॉलचा भाव कसा वाचावा? पुण्यातल्या नवशिक्यासाठी, पैसे न लावता

अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलवर सट्टा कसा लावतात, हा प्रश्न गेल्या काही वर्षांत मला पुण्यातल्या बऱ्याच जणांनी विचारला आहे. विचारणारे बहुतेक हिंजवडी नाहीतर खराडीत नोकरी करणारे असतात. रात्रपाळी संपवून घरी आल्यावर झोप लागेपर्यंत मोबाइलवर सामना लावायचा, आणि पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या ‘उणे १५०’, ‘अधिक १३०’ अशा आकड्यांकडे, म्हणजे सट्ट्याच्या भावाकडे, बघत बसायचे, असा त्यांचा क्रम असतो. त्या आकड्यांचा अर्थ लावायला शिकणे हा चांगला बौद्धिक उद्योग आहे आणि हा लेख त्यासाठीच आहे. पुण्यात बसून त्यांवर पैसे लावणे हा मात्र वेगळा विषय आहे, आणि तो आधीच निकालात काढलेला बरा.

महाराष्ट्रात जुगाराला १८८७ सालच्या जुगार प्रतिबंधक कायद्याने बंदी आहे. घोड्यांच्या शर्यतींना कायद्यात वेगळी वाट ठेवलेली असल्यामुळे पावसाळ्यात एम्प्रेस गार्डनशेजारच्या रेसकोर्सवर अधिकृतपणे पैसे लावता येतात. क्रिकेट किंवा बेसबॉलला ती सवलत नाही. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आली. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड, आणि बँकांना असे व्यवहार पुढे पाठवण्यास मनाई, अशी त्याची रचना आहे. केवळ खेळणाऱ्याला या नव्या कायद्यात शिक्षा सांगितलेली नाही, हे खरे. पण परदेशी संकेतस्थळावर अडकलेल्या पैशासाठी दाद मागायला तो कोणाकडे जाणार? माझ्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी असेच पैसे ठेवले होते. ते काढून घ्यायची वेळ आली तेव्हा ‘पडताळणी चालू आहे’ एवढे एकच उत्तर त्यांना महिनाभर मिळत राहिले, आणि नंतर तेही मिळेनासे झाले. म्हणून या लेखात पैशाच्या जागी वही आहे. वहीत भाव उतरवायचा, आपला अंदाज लिहायचा, निकाल लागला की स्वतःला गुण द्यायचे. सट्ट्यातले शिकण्यासारखे जेवढे आहे तेवढे सगळे या वहीत मावते.

आधी खेळातले तेवढेच, जे भावाला लागते

क्रिकेट पाहणाऱ्याला बेसबॉलचे नियम एका आठवड्यात कळतात, त्यामुळे मी ते सगळे सांगत बसणार नाही. भावाशी थेट संबंध असलेल्या तीन-चारच गोष्टी इथे घेतो.

सामना नऊ इनिंगचा असतो आणि प्रत्येक इनिंगमध्ये दोन्ही संघ आपापले तीन गडी बाद होईपर्यंत बॅटिंग करतात. पाहुणा संघ आधी, यजमान संघ नंतर. नवव्या इनिंगचा पहिला अर्धा भाग संपल्यावर यजमान संघ पुढे असेल, तर उरलेला अर्धा भाग खेळलाच जात नाही. ही बाब किरकोळ वाटते, पण पुढे भावाच्या हिशेबात ती दोनदा आडवी येणार आहे. बरोबरी झाली तर जादा इनिंग होतात, आणि २०२० पासून साखळी सामन्यांत अशा प्रत्येक जादा इनिंगच्या सुरुवातीलाच दुसऱ्या बेसवर (धाव पूर्ण करताना लागणाऱ्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यावर) एक खेळाडू उभा केलेला असतो, त्यामुळे निकाल लवकर लागतो. अनिर्णित हा प्रकार व्यवहारात नाहीच, म्हणून भाव दोनच संघांचे असतात.

मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक साखळीत, तीस संघ आहेत आणि प्रत्येक संघ मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या अखेरीपर्यंत १६२ साखळी सामने खेळतो, म्हणजे जवळजवळ रोज एक. इतक्या सामन्यांत कोणीच सतत जिंकत नाही. २००१ साली सिअ‍ॅटल मरीनर्सने ११६ सामने जिंकून विक्रमाची बरोबरी केली, तरी ते ४६ वेळा हरलेच. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्सचा मोसम आधुनिक काळातला सर्वांत वाईट ठरला, त्यांनी १२१ सामने गमावले. तरी ४१ दिवस असे होते की समोरचा संघ हरून घरी गेला. आपल्याकडे आयपीएलमधला तळाचा संघ वरच्या संघाला हरवतो तेव्हा दोन दिवस चर्चा चालते. बेसबॉलमध्ये ती मंगळवारची नेहमीची गोष्ट असते. म्हणून ‘आज कोण जिंकणार’ हा प्रश्न इथे फारसा उपयोगाचा नाही; ‘शंभरदा हा सामना झाला तर यजमान किती वेळा जिंकेल’ असा प्रश्न विचारायची सवय लावून घ्यावी लागते. भावात लिहिलेले असते ते याच प्रश्नाचे उत्तर.

भाव म्हणजे टक्केवारीच

अमेरिकन पद्धतीत भाव शंभराच्या मापाने सांगतात. उणे १५० म्हणजे १०० कमवायचे असतील तर १५० गुंतवावे लागतील. हा जिंकण्याची शक्यता अधिक असलेला, म्हणजे फेव्हरिट संघ. अधिक १३० म्हणजे १०० गुंतवले आणि संघ जिंकला तर १३० मिळतील, आणि गुंतवलेले १०० परत. टक्केवारी काढायला शाळेतले गणित पुरते. उणे १५० साठी १५० भागिले २५०, म्हणजे ६० टक्के. अधिक १३० साठी १०० भागिले २३०, म्हणजे साडेत्रेचाळीस टक्के. काही ठिकाणी हाच भाव १.६७ आणि २.३० असा दशांशात दिसतो. तिथे १०० ला त्या आकड्याने भागले की टक्केवारी हाती येते, आणि मला स्वतःला ही पद्धत जास्त सोयीची वाटते.

आता ६० आणि साडेत्रेचाळीस यांची बेरीज करून पाहा. ती साडेतीनने शंभराच्या वर जाते. दोनच संघ आणि त्यांतला एक जिंकणारच, तर बेरीज शंभरच यायला हवी. वरचे साडेतीन ही भाव देणाऱ्याची दलाली आहे. ती काढून टाकण्यासाठी दोन्ही आकड्यांना त्यांच्या बेरजेने भागावे. ६० भागिले १०३.५ केले की ५८ येतात आणि समोरच्याला ४२ उरतात. वहीत नेहमी हे दलाली काढलेले आकडे लिहावेत. यापुढे मी त्यांना ‘निव्वळ भाव’ म्हणेन.

हे पाच मिनिटांचे गणित आहे, पण नवशिके ते करत नाहीत, आणि मग ‘फेव्हरिटवर लावले की झाले’ असे बोलू लागतात. फेव्हरिट बहुतेकदा जिंकतोच, यात वाद नाही. तो ५८ टक्के वेळा जिंकत असेल आणि तुम्ही ६० टक्क्यांचा दर मोजत असाल, तर दर शंभर रुपयांमागे तीनेक रुपये सावकाश झिरपत जातात आणि मधूनमधून जिंकत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

विजेता कोण, एवढ्याच प्रश्नावरच्या या भावाला मनीलाइन म्हणतात. त्याखेरीज आणखी दोन मुख्य भाव दिसतात. पहिला रनलाइन. त्यात फेव्हरिटच्या नावावर दीड धाव आधीच वजा केलेली असते, म्हणजे त्याने किमान दोन धावांनी जिंकायला हवे. बेसबॉलमध्ये चतुर्थांशाहून अधिक सामने एकाच धावेच्या फरकाने संपतात, त्यामुळे ही दीड धाव दिसते त्यापेक्षा बरीच महाग असते. मघाची यजमान संघाची गोष्ट इथे पहिल्यांदा आडवी येते: पुढे असलेला यजमान नवव्यांदा बॅटिंग करत नाही, म्हणजे फरक वाढवायची एक संधी त्याला मिळतच नाही, आणि शेवटच्या इनिंगमध्ये त्याने विजयी धाव काढली की सामना तिथेच थांबतो, म्हणून तसा विजय होम रनचा (चेंडू थेट मैदानाबाहेर मारण्याचा) अपवाद सोडला तर बहुधा एकाच धावेचा असतो. पाहुण्या फेव्हरिटला ही अडचण नसते. एकाच ताकदीच्या दोन फेव्हरिटांची रनलाइन वेगळी का, याचे अर्धे उत्तर यात आहे.

दुसरा भाव एकूण धावांचा. दोन्ही संघांच्या मिळून धावा ८.५ पेक्षा जास्त होतील की कमी, असा प्रश्न असतो आणि हा आकडा बहुतेक सामन्यांत साडेसात ते साडेनऊच्या दरम्यान फिरतो. इथे तीच गोष्ट दुसऱ्यांदा आडवी येते, कारण यजमान मोठा फेव्हरिट असेल तर त्याची नववी बॅटिंग बहुधा होणारच नाही, हे धरून चालावे लागते.

चार-पाच सामने एकत्र गुंफून मोठ्या परताव्याचे आमिष दाखवणारा पार्ले नावाचा प्रकार आहे. त्याबद्दल एकच हिशेब सांगतो आणि पुढे जातो. समसमान शक्यतेच्या चार गोष्टी एकत्र बरोबर येण्याची शक्यता सोळात एक, म्हणजे रास्त परतावा सोळापट हवा. प्रत्येक गोष्टीचा भाव उणे ११० असेल तर हाती सव्वातेरापट येते. एकेकट्या पैजेत शेकडा साडेचार जाणारी दलाली इथे शेकडा सतरा होते.

एखादा विशिष्ट चेंडू कसा पडेल यावरच्या फुटकळ पैजांपासून तर वहीतही दूर राहावे, कारण त्यांत अभ्यास करण्यासारखे काही नाही आणि गडबड करायला एकटा माणूस पुरतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलँडच्या दोन पिचर्सवर (चेंडू टाकणाऱ्यांवर) असेच चेंडू ठरवून टाकल्याचा आरोप ठेवण्यात आला, आणि लगोलग अशा पैजांवर २०० डॉलरची मर्यादा घालण्यात आली. या खेळाला ही जखम जुनी आहे. १९१९ ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाची अंतिम मालिका, पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात शिकागो व्हाइट सॉक्सचे आठ खेळाडू कायमचे बाहेर गेले, आणि सर्वाधिक हिट्सचा विक्रम नावावर असलेल्या पीट रोझला १९८९ मध्ये सट्ट्यापायीच आजन्म बंदी झाली; ती उठली २०२५ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर.

पिचर

बेसबॉलच्या भावात एका माणसाचे वजन सर्वांत जास्त असते आणि तो म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर. टी-ट्वेंटी क्रिकेटमध्ये बुमराह खेळत नसेल तर भाव हलतो, पण तो टाकणार चारच षटके. इथे सुरुवातीचा पिचर पाच-सहा इनिंग, म्हणजे सामन्याचा अर्ध्याहून मोठा भाग एकटा ओढतो आणि नव्वद-शंभर चेंडू टाकून झाल्यावर बहुधा बाहेर जातो. खांद्यावर एवढा ताण आल्यावर त्याला चार-पाच दिवस विश्रांती लागते, म्हणून प्रत्येक संघ साधारण पाच पिचर पाळीपाळीने वापरतो. परिणाम असा की एकच संघ सोमवारी उणे १७० असतो आणि मंगळवारी, त्याच मैदानावर त्याच प्रतिस्पर्ध्यासमोर, अधिक ११० असतो. संघाच्या नावाकडे पाहून अंदाज लिहिणारा माणूस अर्धा सामना न बघताच लिहीत असतो.

पिचरची परीक्षा कशी करावी? सगळ्यांच्या तोंडी असलेला आकडा म्हणजे ईआरए: नऊ इनिंगमागे त्याने स्वतःच्या जबाबदारीवर दिलेल्या धावा. पन्नास इनिंगमध्ये वीस धावा दिल्या तर वीस गुणिले नऊ भागिले पन्नास, म्हणजे ३.६०. आकडा वाईट नाही, पण त्यात क्षेत्ररक्षकांचे कौशल्य आणि नशीब मिसळलेले असते. मारलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात गेला की त्याच्या शेजारून गेला, यावर पिचरचा फारसा ताबा नसतो. त्याचा ताबा असतो तो किती बॅटर त्याने स्ट्राइकआउट केले (चेंडू खेळता न आल्याने बाद केले), किती जणांना वॉकवर (चार चेंडू खराब टाकून) फुकट बेस दिला आणि किती होम रन खाल्ले, या तीन गोष्टींवर. म्हणून नवशिक्याने ईआरएआधी स्ट्राइकआउट आणि वॉक यांतले अंतर पाहावे. ज्याचा ईआरए २.४० आहे पण जो स्ट्राइकआउटच्या बरोबरीने वॉक देतो, त्याचे पुढचे महिने सुखाचे जाण्याची शक्यता कमी असते. उलट साडेचारचा ईआरए असूनही भरपूर स्ट्राइकआउट आणि मोजके वॉक असलेला पिचर सापडला, तर त्याच्या नावापुढे वहीत खूण करून ठेवावी.

एप्रिलमध्ये हे सगळे आकडे फसवे असतात. चार सामन्यांत बावीस इनिंग टाकलेल्या माणसाचा ईआरए एका वाईट संध्याकाळीने दुप्पट होतो. जूनपर्यंत गेल्या वर्षीचे आकडे जास्त विश्वासाचे, असे मी मानतो.

डावरा की उजवा, हेही पाहायचे. सर्वसाधारणपणे बॅटरला आपल्या विरुद्ध हाताच्या पिचरला खेळणे सोपे जाते, कारण वळणारा चेंडू त्याच्याकडे येतो, त्याच्यापासून दूर जात नाही. म्हणून डावरा पिचर असला की समोरचा संघ आपले काही डावरे बॅटर बसवून ठेवतो.

सुरुवातीचा पिचर गेल्यावर येणाऱ्यांचा गट म्हणजे बुलपेन. याकडे नवशिका बघतच नाही, आणि माझ्या वहीतल्या चुकांपैकी निदान निम्म्या इथल्या आहेत. काल सामना बारा इनिंग चालला असेल तर आज चांगले रिलीव्हर थकलेले असतात. लागोपाठ दोन दिवस टाकलेल्याला तिसऱ्या दिवशी शक्यतो आणत नाहीत. यासाठी विश्लेषण वाचायची गरज नाही. गेल्या तीन दिवसांची धावपत्रके उघडून कोणी किती चेंडू टाकले, एवढे मोजले की झाले.

एक चूक सविस्तर सांगतो. एका जूनमध्ये रात्री झोपण्यापूर्वी मी एका नामांकित पिचरच्या भरवशावर त्याच्या संघाला ६३ टक्के लिहून ठेवले. सकाळी उठून पाहिले तर संघ नऊ धावांनी हरला होता आणि त्या पिचरचे नाव धावपत्रकात कुठेच नव्हते. सामन्यापूर्वी दोन तास त्याची पाठ धरली, म्हणून त्याच्या जागी दुसराच आला होता, आणि भावही तेव्हाच उलटला होता. तेव्हापासून प्रत्येक ओळीत मी दोन्ही पिचरांची नावे आणि भाव कधी पाहिला ती वेळ लिहितो. पिचर बदलला तर ओळ बाद, असा माझा नियम आहे.

मैदान आणि वारा

क्रिकेटची सीमारेषा आत-बाहेर सरकते हे आपण पाहतो. बेसबॉलमध्ये मैदानांचे आकारच कायमचे वेगळे असतात आणि त्यामुळे धावांची संख्या बदलते. टोकाचे उदाहरण डेन्व्हरच्या कूर्स फील्डचे. ते समुद्रसपाटीपासून सुमारे ५,२०० फुटांवर, म्हणजे आपल्या सिंहगडाच्या माथ्याहून साधारण नऊशे फूट उंच आहे. हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला चेंडू कमी वळतो. पिचर दोन्हीकडून भरडला जातो. २००२ पासून तिथे चेंडू ओलावा राखणाऱ्या कपाटात ठेवतात, म्हणून प्रकार थोडा आटोक्यात आला, तरी एकूण धावांची रेषा तिथे अकराच्या आसपास दिसली तर नवल वाटू देऊ नका. तिथून आलेल्या बॅटरचे आकडे फुगलेले आणि पिचरचे बिघडलेले असतात, ही दुरुस्ती मनातल्या मनात करावी लागते.

शिकागोच्या रिगली फील्डवर सगळा कारभार वाऱ्याचा. मिशिगन सरोवराकडून वारा आत आला की चेंडू अडतो, बाहेर गेला की तोच चेंडू प्रेक्षकांत जातो. त्यामुळे एकूण धावांचा भाव तिथे बऱ्याचदा वाऱ्याचा अंदाज आल्यावरच जाहीर होतो. सॅन फ्रान्सिस्कोला खाडीकाठच्या थंड, दमट हवेत होम रन कमी होतात. टोरांटो किंवा ह्यूस्टनसारख्या ठिकाणी छत बंद होते, तिथे हवामानाचा रकाना कोरा ठेवला तरी चालतो. यजमान असण्याचा फायदा मात्र बेसबॉलमध्ये माफक आहे: वर्षानुवर्षांच्या सरासरीने यजमान ५३ ते ५४ टक्के सामने जिंकतात, यापेक्षा जास्त वजन घरच्या मैदानाला देऊ नये.

वहीचे पान

पुण्याची घड्याळे न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतात आणि मोसम जवळजवळ पूर्णपणे अमेरिकेच्या उन्हाळी वेळेत बसत असल्याने हा फरक सहसा बदलत नाही. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७:०५ ला सुरू होणारा सामना आपल्याकडे पहाटे ४:३५ ला लागतो आणि पश्चिम किनाऱ्यावरचा ७:१० चा सामना सकाळी ७:४० ला. म्हणजे रोज सगळे पाहणे नोकरदाराला शक्य नाही, आणि गरजही नाही. मी पश्चिमेकडचे सामने निवडतो: सकाळी सहाला चहा ठेवायचा, आधण येईपर्यंत दोन्ही संघांचे जाहीर झालेले बॅटिंग ऑर्डर पाहायचे आणि दूधवाल्याने बेल वाजवण्याच्या आत ओळ पूर्ण करायची. दिवसाला एक किंवा दोनच ओळी. पंधरा सामन्यांवर पंधरा अंदाज लिहिणारा माणूस पंधराही सामन्यांचा विचार करत नाही.

साधी दोनशेपानी वही घ्यावी आणि आडवी धरावी. रकाने असे: तारीख, पाहुण्यांचा पिचर, यजमानांचा पिचर, पाहिलेला भाव आणि वेळ, निव्वळ भाव, माझी टक्केवारी, कारण, शेवटचा भाव, निकाल, गुण. यांत ‘कारण’ हा रकाना सात-आठ शब्दांहून मोठा करू नये, पण रिकामाही सोडू नये. ‘बुलपेन थकलेला, काल १३ इनिंग’ हे कारण झाले. ‘आज जिंकतील असे वाटते’ हे कारण नव्हे. असे वाटत असेल तर निव्वळ भावच आपली टक्केवारी म्हणून उतरवावा. त्यात कमीपणा नाही.

गुण देण्याची रीत थोडी सावकाश समजून घ्या, कारण पैसे न लावताही मन ताळ्यावर ठेवणारी गोष्ट हीच आहे. समजा यजमानाचा निव्वळ भाव ५८ टक्के आहे आणि तुम्ही ५४ लिहिले आहे. यजमान जिंकला तर निकाल १ धरायचा, हरला तर ०. निकाल आणि टक्केवारी यांतल्या फरकाचा वर्ग म्हणजे दंड. यजमान हरला, तर बाजाराचा, म्हणजे निव्वळ भावाचा, दंड ०.५८ चा वर्ग, म्हणजे ०.३३६, तुमचा ०.५४ चा वर्ग, म्हणजे ०.२९२. तुम्ही बाजारापेक्षा बरे ठरलात. यजमान जिंकला, तर बाजाराचा दंड ०.४२ चा वर्ग, ०.१७६, तुमचा ०.४६ चा वर्ग, ०.२१२. इथे बाजार बरा. ज्याला काहीच माहीत नाही आणि जो प्रत्येक वेळी ५० लिहितो, त्याचा दंड कायम ०.२५. महिन्याअखेरीस तुमची, बाजाराची आणि या अज्ञानी गृहस्थाची सरासरी शेजारी शेजारी मांडायची. पहिल्या महिन्यात माझी सरासरी अज्ञानी गृहस्थाच्याही वर गेली होती, याचे कारण मी उत्साहाने ७० आणि ७५ असे आकडे लिहीत सुटलो होतो. ७५ लिहून संघ हरला की एकाच ओळीत ०.५६ दंड बसतो. बेसबॉलमध्ये ७० च्या वरचा आकडा लिहिण्याचा प्रसंग क्वचितच येतो, हे मला त्या महिन्याने पटवले.

‘शेवटचा भाव’ हा रकाना अनेक जण गाळतात, पण गाळू नये. सामना सुरू होण्याच्या क्षणी असलेल्या भावात तोवरची सगळी माहिती आणि जाणकारांचे पैसे मुरलेले असतात. तुम्ही सकाळी सहाला लिहिलेल्या आकड्याकडे भाव पुढच्या दीड तासात सरकत असेल, असे वारंवार होत असेल, तर तुम्हाला काहीतरी नीट दिसते आहे, मग ते सामने तुम्ही जिंका वा हरा. भाव नेहमी तुमच्यापासून दूर पळत असेल, तर पाचपैकी चार अंदाज बरोबर आलेले असले तरी खूश होण्याचे कारण नाही. केवळ निकाल मोजण्यात धोका किती असतो ते पाहा: नाणे उडवून शंभर अंदाज लिहिणाऱ्याचे चाळीस ते साठ यांदरम्यान कितीही बरोबर येऊ शकतात, आणि ज्याचे अठ्ठावन्न येतील तो स्वतःला तज्ज्ञ समजू लागेल. उणे ११० च्या भावाने नुसते बरोबरीत राहायचे तरी ५२.४ टक्के अंदाज बरोबर यावे लागतात, म्हणून शंभर ओळींवरून कोणाच्याही कौशल्याचा निवाडा होत नाही.

अर्धा मोसम झाल्यावर संघाची खरी ताकद जोखायला एक जुनी युक्ती वापरता येते. संघाने काढलेल्या धावांचा वर्ग घ्यायचा आणि त्याला काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचे. ४०० काढल्या आणि ३६० दिल्या तर उत्तर ०.५५ येते, म्हणजे नव्वद सामन्यांत सुमारे पन्नास विजय. त्या संघाच्या नावावर प्रत्यक्षात छप्पन्न विजय असतील, तर त्यातले काही एका धावेच्या सामन्यांतल्या नशिबाचे आहेत, आणि गुणतक्ता पाहून लिहिणारे लोक त्याला दोन-तीन टक्के जास्त देत आहेत का, हे तपासायला हरकत नाही.

जुलैच्या मध्यावर ऑल-स्टार सामन्यासाठी साखळी चार दिवस थांबते. वहीची बेरीज करायला तेच दिवस सोयीचे असतात. एप्रिलपासून रोज एक ओळ लिहिली असेल तर शंभराच्या आसपास ओळी झालेल्या असतात. त्या ‘कारण’ रकान्याप्रमाणे वेगळ्या करून प्रत्येक ढिगाची सरासरी बाजाराच्या सरासरीशी ताडून पाहावी. माझ्या वहीत बुलपेनच्या कारणाने लिहिलेल्या ओळी बाजाराच्या जवळ गेल्या, वाऱ्याच्या ओळी बरोबरीत राहिल्या आणि ‘संघ फॉर्मात आहे’ या कारणाने लिहिलेल्या सगळ्यांत महाग पडल्या. ऑगस्टपासून ते कारण मी लिहायचे बंद केले आणि तो रकाना भरता येत नाही तेव्हा त्या दिवशी ओळच लिहीत नाही.